अचला

पृथ्वीचे समानार्थी शब्द शिकवण्याचा तास मला फार आवडतो. एक तर त्याला तयारी लागत नाही. दुसरे असे की शब्दच इतके गोड आहेत की मागच्या बाकावरची मंडळीदेखील थोड्या वेळाने तालावर म्हणू लागतात. धरा, धरित्री, अवनी, मेदिनी, वसुंधरा, क्षमा, अचला. गेली वीस वर्षे मी हे शब्द फळ्यावर लिहीत आलो आहे. वसू म्हणजे धन. ते धारण करते ती वसुंधरा. सगळे सोसते म्हणून क्षमा. आणि जी हलत नाही, चळत नाही, ती अचला.

यंदा ‘अचला’पाशी एका पोराने हात वर केला. “गुरुजी, हलती की! मागल्या आठवड्यात रातीला आमची भांडी वाजली.”

आमची शाळा कोयनेच्या खोऱ्यात आहे. इथे भांडी वाजणे ही काही वर्तमानपत्रात देण्याजोगी बातमी नव्हे. वर्ग हसला, मीही हसलो आणि “भूकंपाचे निराळे” असे म्हणून पुढच्या शब्दाकडे वळलो. मास्तर अडचणीत आला की पुढच्या शब्दाकडे वळतो, हे मुलांनाही ठाऊक असते.

पण त्या दिवशी मी मनातून चरकलो होतो. कारण त्याच सुमारास एक गोष्ट माझ्या वाचनात आली होती, आणि तिने मला माझ्या आजीची आठवण करून दिली होती.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यामुळे विज्ञानातले काही वाचायचे झाले तर मी ते दोनदा वाचतो. कादंबरी लिहिणारा माणूस असल्याने तिसऱ्यांदा आवडीने वाचतो. ही गोष्ट अशी की जमिनीवर पाण्याचे किंवा बर्फाचे ओझे वाढले की जमीन खाली दबते आणि ओझे उतरले की वर येते. दलदलीची किंवा चिखलाची गोष्ट मी सांगत नाही. खडक दबतो, आणि ते आता मोजता येते. ज्या उपग्रहांच्या आधाराने आपला मोबाईल रस्ता दाखवतो, त्यांच्याच आधाराने.

मोबाईलवर माझा फारसा विश्वास नाही. आमच्या वर्गातल्या एकाच्या थोरल्या भावाचा मोबाईल आमची शाळा ओढ्यात दाखवतो. पाचदहा मीटरची चूक त्याला सहज होते. मग मिलिमीटर कसा मोजणार? त्याची युक्ती मला फार आवडली. खडकात पक्का खांब रोवायचा, त्यावर ग्राहक बसवायचा आणि तो वर्षानुवर्षे तिथून हलवायचा नाही. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असते. लहर निघाली केव्हा आणि पोचली केव्हा, यावरून अंतर काढायचे. सेकंदाच्या अब्जाव्या भागात ही लहर 30 सेंटिमीटर धावते, म्हणजे घड्याळ किती काटेकोर हवे ते पाहा! त्यातही नुसत्या वेळेवर न थांबता त्या 19 सेंटिमीटर लांबीच्या लहरीचा कितवा अंश चालू आहे, तेही पाहतात. वातावरणात लहरीला होणारा उशीर वजा करतात. असे दिवसभर, रोज, वर्षभर. एकाच जागी बसून सारखे एकच काम केले की माणसालाही कधी कधी खरे उत्तर सापडते. हा तर खांब.

या खांबांनी काय सांगितले? ब्राझीलमधल्या मानाउस गावी ॲमेझॉनचे पाणी दर वर्षी दहा मीटरच्या आसपास चढते आणि उतरते. त्याबरोबर तिथली जमीन पाच ते साडेसात सेंटिमीटर खालीवर होते. नदी फुगली की जमीन खाली, ओसरली की वर. सबंध शहर, घरेदारे, बाजार, मुलेमाणसे घेऊन. आणि कुणाला पत्ता नाही! कॅलिफोर्नियात 2013 आणि 2014 साली मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथले डोंगर 15 मिलिमीटरपर्यंत वर आले. त्या उंचीवरून शास्त्रज्ञांनी उलटा हिशेब मांडला : अमेरिकेच्या पश्चिम भागातून सुमारे 24,000 कोटी टन पाणी नाहीसे झाले असले पाहिजे. म्हणजे पृथ्वीचाच तराजू केला. गंमत अशी की त्याच कॅलिफोर्नियातल्या खोऱ्यात, जिथे शेतकऱ्यांनी जमिनीखालचे पाणी उपसले, तिथली माती वर न येता खचली. पाणी गेल्यावर गाळाचे थर दबून बसतात आणि पुन्हा फुगत नाहीत. खालचा खडक मात्र ओझे उतरले की उठतो.

नेपाळातले खांब पावसाळ्यात खाली जातात आणि हिवाळ्यात वर येतात, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. हे सगळे मला कुणीतरी आधी सांगितले होते.

माझ्या आजीचे सासर आज शिवसागराच्या पाण्याखाली आहे. धरणाचे पाणी चढू लागले तेव्हा ती मंडळी वरच्या अंगाला, डोंगराच्या कडेला येऊन राहिली. धरण पूर्ण भरले म्हणजे त्यात सुमारे 300 कोटी टन पाणी असते. 1967 सालच्या 11 डिसेंबरच्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा त्या नव्या घराची एक भिंत पडली. एक घर पाण्याने नेले, दुसरे भूकंपाने पाडले. तिच्या मनात त्या दोन गोष्टी एकच होत्या. “एवढं पाणी छातीवर घेतल्यावर भुईला सोसंल का?” असे ती म्हणे.

उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या गावाची जोती उघडी पडतात. मॅट्रिकचा निकाल लागला त्या वर्षी मी तिला घेऊन गेलो होतो. गाळात पाय रुतत होते. तिने न चुकता चुलीची जागा दाखवली, उंबऱ्याची जागा दाखवली, मग जोत्यावर बसली, दगडावर तळवा टेकला आणि म्हणाली, “पाणी उतरलं न्हवं, आता जरा उठली आसंल भुई.”

मी मोठ्याने हसलो. बरोबर दोन मित्र होते, त्यांना ऐकू जावे म्हणून जरा जास्तच मोठ्याने. म्हणालो, “आजी, जमीन म्हणजे काय तुझी बाज आहे? कुणी बसले की दबायला आणि उठले की वर यायला?”

तिने माझ्याकडे पाहिले. रागावली नाही. “बरं बाबा,” म्हणाली, “तू शिकलास.”

त्यानंतर ती गावाबद्दल पुष्कळ बोलली, पण भुईबद्दल माझ्यादेखत कधी बोलली नाही.

आजीचे सगळेच बरोबर होते असे नाही. कोयनेचा भूकंप धरणाशी जोडलेला आहे हे शास्त्रज्ञ मानतात. जगात अशा भूकंपांचे नाव निघाले की कोयनेचे नाव पहिल्याने घेतात, आणि त्याच्या अभ्यासासाठी कऱ्हाडला खास प्रयोगशाळा आहे. पण त्यात नुसते ओझे नाही. भेगांतून खोल झिरपणाऱ्या पाण्याचा दाबही आहे, आणि मुळात खडकात साठलेला ताणही आहे. आजीला ते ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. फरक एवढाच की तिला आपल्याला ठाऊक नाही हे ठाऊक होते.

पण बाजेची उपमा? ती तर मी थट्टेने दिली, आणि नेमकी तीच खरी निघाली. बाजेवरून माणूस उठला की सुंभ चटकन वर येतो. जुनी कापसाची गादी मात्र सावकाश फुगते. पृथ्वीत या दोन्ही तऱ्हा आहेत. आइसलंडमध्ये हिमनद्या वितळत आहेत आणि मधला प्रदेश काही ठिकाणी वर्षाला तीन सेंटिमीटरहून अधिक वेगाने उठतो आहे. आणि स्वीडन-फिनलंडच्या मधल्या आखातावरचे तीन-एक किलोमीटर जाडीचे बर्फ जाऊन सुमारे दहा हजार वर्षे झाली, तरी तिथली जमीन अजून वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर वर येतेच आहे. आन्देर्स सेल्सियस याने, तोच तो तापमापकाचा, 1731 साली एका बेटावरच्या खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरून ठेवली. ती खूण आज पाण्याच्या पुष्कळ वर आहे. त्याला वाटले, समुद्र आटतो आहे. एवढा मोठा विद्वान, पण जमीन हलत असेल हे त्याच्याही मनात आले नाही. हे वाचून मला थोडे बरे वाटले, हे कबूल करतो.

तिथेच लुलेओ नावाचे गाव आहे. ते 1621 साली वसले आणि 1649 साली त्याला जागा सोडावी लागली, कारण जमीन वर आली आणि बंदरात गलबते येईनात. पाणी दूर गेले म्हणून उठलेले गाव! जुन्या जागेचे देऊळ आणि भोवतालची लाकडी घरे अजून उभी आहेत. आजीला हे सांगितले असते तर ती म्हणाली असती, “त्यांचं देऊळ तरी ऱ्हायलं.”

ती जाऊन बरीच वर्षे झाली. गेल्या मे महिन्यात मी एकटाच खाली गेलो. जोते सापडायला वेळ लागला. गाळ चढला आहे, आणि चुलीची जागा मला नक्की सांगता आली नाही. ज्या दगडावर ती बसली होती असे मला वाटले, त्यावर बसलो. तळवा टेकून पाहिला. दगड तापला होता, एवढेच कळले. सहज मोबाईल काढून नकाशा उघडला. त्यात मी पाण्याच्या मधोमध होतो.