दोन पुठ्ठ्यांच्या मधलं

शाळेच्या अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा एक रकाना असतो. आठवीत असताना मी तो स्वतः भरला आणि त्यात 'व्यापार' असं लिहिलं. अब्बा व्यापारी नव्हते. पुण्यात एका छापखान्याच्या मागच्या खोलीत ते पुस्तकं बांधायचे. घरी आले की त्यांच्या हाताला मैद्याच्या खळीचा वास यायचा, आणि वाळवी लागू नये म्हणून खळीत घातलेल्या मोरचुदाने नखांच्या कडा निळसर दिसायच्या. वर्गातली मुलं त्या वासावरून हसली होती. म्हणून मी व्यापार लिहिलं. अर्जावर सही करताना अब्बांनी तो शब्द वाचला असणार. काही बोलले नाहीत.

पुढे मी ए.टी.डी. केलं आणि केडगावच्या बाजूला एका शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून लागलो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटची मुलं बसवायची, फलक लिहायचे, गॅदरिंगचा पडदा रंगवायचा आणि दरवर्षी शाळेचं हस्तलिखित काढायचं, ही माझी कामं. हस्तलिखितासाठी मुलं जीव लावून अक्षर काढतात. मग आम्ही ती पानं स्टेपल करतो किंवा स्पायरल मारून आणतो. दोन वर्षांत कपाटात त्याच्या सुट्या पानांचा गठ्ठा उरतो.

मागच्या वर्षी आम्हा कलाशिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. दिवसभर पडद्यावर स्लाइड पाहिल्या. शेवटच्या तासाला 'हस्तनिर्मित पुस्तक' आलं. कार्डशीटच्या घड्या, ग्लू गन, वर टिकल्या. पुस्तक दिसायला छान झालं. शेजारच्या बाई म्हणाल्या, "सर, हे उघडत नाहीये हो." खरंच उघडत नव्हतं. जोर लावला तर पाठ तुटली. सगळे हसले, चहा आला आणि हजेरीवर सह्या झाल्या.

मला हसू आलं नाही. माझे वडील हे काम चाळीस वर्षं करत होते आणि मला ते येत नव्हतं. त्या भरात मी बोलून गेलो, "पुढच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर या. मी दाखवतो." अकरा जण आले.

दाखवलं ते आठवणीवर. पानांचे जुज केले, शिवले, पुठ्ठ्याला कागद चिकटवला. सोमवारी शाळेत येऊन पाहिलं तर अकराच्या अकरा पुठ्ठे पापडासारखे वाकलेले होते. एकाने ग्रुपवर फोटो टाकला, खाली हसरे चेहरे.

अब्बा तोवर गेलेले होते. त्यांच्याबरोबर काम केलेले एक चाचा अजून आहेत. दौंड-पुणे गाडीने त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझा पुठ्ठा हातात घेतला, एकदा उभा वाकवला, एकदा आडवा. "एका बाजूने सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. कळतंय का? मशीनच्या कागदात धागे एका दिशेने झोपलेले असतात. ओला झाला की तो आडवा फुगतो आणि वाळताना पुठ्ठ्याला ओढतो. धागा नेहमी पाठीला समांतर ठेवायचा. कागदाचा, पुठ्ठ्याचा, सगळ्यांचा. आणि आतूनही कागद लावायचा, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी बसते." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझ्या अब्बांना बघावं लागायचं नाही. बोटांना कळायचं."

हाताने बनवलेल्या कागदात ही भानगड फारशी नसते. गाळणी हौदातून उचलताना कागदी ती हलवतो, त्यामुळे धागे सगळीकडे पसरतात. आपल्याकडे हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान कागद्यांनी केलं. जुन्नरचे कागदी, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातले कागदी. पुण्याच्या कसब्यात कागदीपुरा आहेच. मराठ्यांच्या दप्तरखान्यातली कितीतरी मोडी अक्षरं या लोकांच्या कागदावर उमटली आहेत. 'आमचा मराठीशी संबंध काय' असं कुणी विचारलं की मला हा कागद आठवतो.

आणि शब्दही. बाइंडर घडी घातलेल्या पानांच्या जुडग्याला जुज म्हणतो, ते शिवण्याला जुजबंदी. कुरआनचे तीस जुज म्हणतो तोच हा अरबी शब्द, अर्थ भाग. मुसहफ म्हणजे एकत्र केलेली पानं. कुरआनविषयी अरबीत एक जुना शब्दप्रयोग आहे, 'मा बैनद्दफ्फतैन', दोन पुठ्ठ्यांच्या मधलं जे आहे ते. अब्बांकडे मोहल्ल्यातून फाटलेले सिपारे यायचे. त्याचे ते पैसे घेत नसत. वुजू करून बसायचे.

केडगावात राहून मी हे सगळं शोधायला पुण्याला गेलो, याची मला नंतर गंमत वाटली. आमच्या गावात पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. दुष्काळातून आलेल्या, घरातून टाकलेल्या बायका-मुलींना रमाबाईंनी इथे शेतीपासून छापखान्यापर्यंतची कामं शिकवली. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच गावात छापलं गेलं, आणि छापखान्यात हात होते ते या बायकांचे. रमाबाई 1922 मध्ये गेल्या, ते संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. त्याआधी अमेरिकेत असताना रमाबाईंनी स्वतः बालोद्यानाच्या शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं होतं, फ्रोबेलच्या पद्धतीचं. त्या पद्धतीत कागदाच्या घड्या घालणं हा अभ्यासाचाच भाग असतो. एवढी मोठी विदुषी, संस्कृतची पंडिता, आणि बालवाडीचं शिकायला बसली. मला प्रशिक्षण म्हटलं की चहा आणि सही आठवते.

दुसऱ्या वेळी नऊ जण आले. या वेळी मी आधी चूक दाखवली. वाकलेले पुठ्ठे टेबलावर मांडले आणि प्रत्येकाला कागद दोन्ही बाजूंनी वाकवून पाहायला लावला. मग साधी तीन भोकांची शिवण. दाभणाने घडीवर तीन भोकं. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोरीची दोन्ही टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना घेऊन गाठ. खळ मैद्याचीच, पण मोरचूद नाही. ते विषारी, मुलांच्या हाती द्यायचं नाही. पाहिजे तेवढी खळ त्या दिवशी करायची. पुस्तकं रात्रभर वजनाखाली ठेवायची. शिकंजा कुठून आणणार? दोन पाट आणि विटा पुरतात.

एका सरांनी विचारलं, "याचा अहवालात काही रकाना आहे का?" नाही. पण त्यांचा दोरा तीनदा तुटला आणि चौथ्यांदा गाठ बसली, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "पोरांचा इथेच तुटणार. दोरीला मेण लावायला पाहिजे." स्वतः केल्याशिवाय हे कळत नाही. स्लाइडवर तर नाहीच.

यंदाचं हस्तलिखित मुलांनी स्वतः शिवलं. टेबलावर ठेवलं की सपाट उघडतं. सातवीतली एक मुलगी ते पुन्हा पुन्हा उघडून मिटत होती. तिने विचारलं, "सर, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी. ते बाइंडर होते."

खरं तर त्यांनी शिकवलं नव्हतं. मी शिकू दिलं नव्हतं. पण त्या रकान्यात जे लिहायला हवं होतं ते त्या दिवशी पहिल्यांदा भरवर्गात मोठ्याने बोललो. घरी गेलो तेव्हा हाताला खळीचा वास येत होता. जेवायला बसेपर्यंत मी तो धुतला नाही.