पुसलं, म्हणून कळलं!

बारावीला बायो सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेणाऱ्यांपैकी मी एक. बेडूक कापावा लागू नये, एवढाच उदात्त हेतू! त्यामुळे डी.एम.एल.टी. करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलेली माझी मामेबहीण एन्झाइमबद्दल बोलू लागली की मी विषय बदलायचो. दिवाळीच्या सुट्टीत मात्र ताईने मला मायक्रोस्कोपपुढे बसवलंच.

काचेवर यकृताचा पातळ काप, पीएएस पद्धतीने रंगवलेला. यात परआयोडिक ॲसिड साखरेच्या साखळ्यांत आल्डिहाइड तयार करतं आणि शिफचं द्रावण त्यांना गडद गुलाबी रंग देतं. पंचाईत अशी, की ग्लायकोजेन, म्युसिन, कितीतरी ग्लायकोप्रोटीन्स, सगळीच गुलाबी. आपल्या मेसच्या रश्शासारखं. भाजी कुठलीही असो, रंग एकच!

मग ओळखायचं कसं? त्याच तुकड्याचा शेजारचा काप घ्यायचा आणि रंगवण्याआधी त्यावर डायास्टेज घालायचं. १८३३ साली पायें आणि पेर्सो यांनी माल्टमधून वेगळं काढलेलं हे एन्झाइम. भाकरीचा घास खूप चावला की गोड लागतो ना, तीच करामत. (पूर्वी या कामाला चक्क लाळ वापरत!) ग्लायकोजेनचे बारीक तुकडे होऊन ते धुऊन जातं, बाकीचं राहतं. दोन्ही काचा शेजारी ठेवायच्या. जो रंग गेला तो ग्लायकोजेनचा.

"अरे, धडधाकट यकृतातही ग्लायकोजेन असतंच," ताई म्हणाली, "पण डायास्टेजनंतरही पेशींत गुलाबी गोळे राहिले, तर डॉक्टर आल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या कमतरतेचा विचार करतात. पोट फुगलेलं पोर दोन्हीकडे सारखंच दिसू शकतं. आजार वेगळा, उपचार वेगळा."

मला सगळ्यात आवडली ती तिसरी काच. भरपूर ग्लायकोजेन असल्याची खात्री असलेला काप, त्यावरही तेच डायास्टेज. तिथलाच रंग गेला नाही, तर एन्झाइम मेलेलं आहे आणि पेशंटच्या काचेवर राहिलेल्या गुलाबीला काडीचा अर्थ नाही. आपल्याकडे जर्नलमध्ये रीडिंग कसं 'आणतात' हे सर्वांना ठाऊक आहे. इथे ती सोय नाही.

रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते, ताईचं नाव कुठेच नसतं. त्या दिवशी तिसऱ्या काचेवरचा रंग हटेना. तिने काचा बाजूला सारल्या, ताजं द्रावण केलं, नवे काप पुन्हा सदतीस अंशांवर ठेवले. डबा उघडला तेव्हा चार वाजून गेले होते.