जात्यावरची कविता वर्गात

मुलांना कविता शिकवायची म्हटली, की आपण आधी कवीचा जन्म, मृत्यू व अलंकार फळ्यावर लिहितो. कविता तेथेच विरून जाते. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना तर लिहितावाचताही येत नव्हते. दळताना, शेतात राबताना त्यांच्या मुखी आलेली गाणी पुत्र सोपानदेवांनी व एका आप्ताने टिपून ठेवली. १९५२ साली, त्यांच्या पश्चात, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. म्हणून शिक्षकबंधुभगिनींनी पहिल्या तासाला पुस्तक मिटून ही गाणी नुसती ऐकवावीत. खानदेशी बोली अडेल, अडू द्यावी. मग मुलांना सांगावे, आजीला ठाऊक असलेले लग्नातले वा जात्यावरचे एक गाणे तिच्याच शब्दांत वहीत उतरवून आणा. आमच्या वसईत घरी सामवेदी वा वाडवळी बोलणारी मुले वर्गात ओशाळून गप्प बसतात (शुद्ध भाषेचा आपला धाक काही थोडाथोडका नाही!). सोपानदेवांनी केले तेच काम आपल्या हातून होत आहे, हे उमगले की त्यांना कंठ फुटतो. आज्या मात्र थकत चालल्या आहेत. हा गृहपाठ पुढच्या सत्रावर ढकलू नये.