गोळी चालू आहे, पण पाळी थांबतच नाही!

मैत्रिणींनो, पाळी म्हणजे चार-पाच दिवस, हे गणित आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. माझं ते गेल्या वर्षी बिघडलं. पीसीओएससाठी डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या होत्या. दुसऱ्या पाकिटात रक्तस्राव सुरू झाला, तो तेराव्या दिवशीही चालूच! थोडा थोडाच, पण रोज.

खरं सांगू? रक्तापेक्षा जास्त भीती त्या शब्दाची होती. लग्न न झालेल्या मुलीकडे ‘गर्भनिरोधक’ लिहिलेलं पाकीट दिसलं की काय काय विचारतात, तुम्हाला माहीतच आहे. शेवटी मी पाकीट आईच्या हातात दिलं. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “तेरा दिवस? अगं, आधी दवाखान्यात चल.”

डॉक्टरांनी आधी प्रश्न विचारले. गोळी रोज ठरलेल्या वेळी घेतेस का? एखादी राहिली का? उलट्या-जुलाब झाले का? टीबीचं किंवा फिट्सचं औषध चालू आहे का? त्यातल्या काही औषधांनी गोळीचा परिणाम कमी होतो. प्रेग्नन्सी टेस्ट आणि हिमोग्लोबिनही करायला सांगितलं. लग्न झालंय की नाही, यावर एक शब्द नाही!

मग त्यांनी समजावलं. गोळीतल्या हार्मोन्समुळे गर्भाशयाचं अस्तर पातळ होतं. शरीराला याची सवय होईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले ३ महिने, असा अधूनमधून रक्तस्राव होऊ शकतो. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनचंच बघा. पाकिटात २८ गोळ्या, त्यातल्या २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. पाळी त्या ७ दिवसांत येणं अपेक्षित असतं. हार्मोनची गोळी मध्येच आपल्या मनाने बंद केली, तर रक्तस्राव आणखी वाढू शकतो आणि गर्भधारणेपासूनचं संरक्षणही जातं.

माझं हिमोग्लोबिन १०.८ आलं. १२ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या पाकिटात रक्तस्राव थांबला.

पण प्रत्येकीचं कारण वेगळं असू शकतं. रक्तस्राव ७-८ दिवसांपुढे गेला, ३ महिन्यांनंतरही अधूनमधून होत राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. तासातासाला पॅड भिजतोय, चक्कर येतेय, पोटात खूप दुखतंय, तर त्याच दिवशी जा. तारखा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, डॉक्टर पहिल्यांदा त्याच विचारतात.

आणि आयांनो, मुलीच्या पर्समध्ये असं पाकीट दिसलं, तर आधी तिची तब्येत विचारा. बाकीचं नंतर.