सहाण, सुंठ आणि अण्णा नगर

वाईच्या आमच्या घरात दोन सहाणा होत्या. एक देवांच्या गंधाची, दुसरी आत्याच्या कपाळाची. दुसरीवर सुंठ उगाळायची, क्वचित वेखंड, आणि तिला देवघरात मज्जाव होता. ‘आत्याचं डोकं उठलंय’ एवढं कुणी म्हटलं की माजघराची खिडकी लागायची, रेडिओ बंद व्हायचा आणि फोडणी परसातल्या चुलीवर जायची. अर्धशिशी तिची होती, पण राबायचं सगळ्यांनी.

आजीकडे उपायांचा क्रम ठरलेला होता. आधी सुंठेचा लेप, पळीत कोमट करून, भुवईपासून केसांपर्यंत. तो वाळताना कातडी ओढली जाते आणि चरचरते. त्या चरचरीनं आतल्या ठणक्याकडून लक्ष थोडं हटतं, एवढं मीही पुढे अनुभवलं. लेपानं भागलं नाही तर डोक्याला फडकं करकचून बांधायचं. मग नाकात कोमट साजूक तुपाचे थेंब. हे आजीचं स्वतःचं नव्हे. नाकातून औषध द्यायची नस्याची रीत आयुर्वेदात जुनी आहे, आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोकेदुखीचे प्रकार सांगताना अर्धावभेदक आणि उन्हाबरोबर चढणारा सूर्यावर्त हे दोन्ही आले आहेत. मध्येच कधी मीठमोहरीनं दृष्टही काढली जायची. अर्धशिशीच्या माणसाला सुक्या मिरच्यांचा धूर देणं ही शिक्षाच, पण आत्या मुकाट सोसायची.

सगळ्यात शेवटी जिलेबी. आदल्या रात्री आणलेली, दुधात बुडवून, सूर्य उगवायच्या आत खायची. खाऊन होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. आम्हां मुलांना त्या आजाराचा हेवा वाटायचा. हा उपाय आजीपुरता नाही. उत्तर हिंदुस्थानातही घरोघरी सांगतात.

मला नववीत असताना सुरू झालं. दुखणं घराण्यात उतरतं हे डॉक्टर आता सांगतात, आजीनं ते माझ्याकडे एकदा बघूनच सांगितलं होतं. बायकांमध्ये हे पुरुषांपेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त आढळतं. आमच्या घरात तर पुरुष एकही सापडला नाही.

दप्तरात तेव्हापासून अमृतांजनची पिवळी बाटली आली. मामाकडे मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात अमृतांजन पूल लागायचा. इंग्रजांनी १८३० मध्ये बांधलेला तो पूल, त्याच्यावर पुढे या बामची जाहिरात लागली आणि पुलाचं नावच ते पडलं. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता मोकळा असताना, तो सुरुंग लावून पाडला. मला ते औषध पक्कं आपल्याकडचं वाटायचं. मद्रासला आल्यावर कळलं की काशिनाथुनी नागेश्वर राव या आंध्रातल्या गृहस्थांनी १८९३ मध्ये ते मुंबईत सुरू केलं आणि पुढे कंपनी मद्रासला आली. मैलापूरला लझमध्ये त्यांच्या नावाची बाग आहे. म्हणजे बाटली माझ्या आधीच हा प्रवास करून बसली होती.

मी आले लग्नानंतर. ह्यांची नोकरी पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात, आणि घर अण्णा नगरात. हा भाग वसवला तो १९६८ च्या व्यापार मेळ्याच्या सुमारास. त्या मेळ्यासाठी उभारलेला मनोरा अजून बागेत आहे, बरीच वर्षं बंद होता, २०२३ मध्ये पुन्हा उघडला. आखीव चौक, रुंद ॲव्हेन्यू. लोक कौतुक करतात. अर्धशिशीवाल्याच्या हिशेबात रुंद रस्ता म्हणजे जास्त ऊन. त्यात मे महिन्यातलं इथलं ‘अग्नि नक्षत्रम’, आणि बाराही महिने मोगरा. सकाळच्या बसमध्ये पुढच्या बाकावरच्या प्रत्येक वेणीत मल्लीचा गजरा. इतक्या सुंदर गोष्टीनं उमासे यावेत याची मला लाज वाटायची. कोयंबेडूच्या फुलबाजारात मी आजही जात नाही.

पहिल्या उन्हाळ्यात खालच्या मजल्यावरच्या मामींनी मला जिन्यात डोकं धरून बसलेली पाहिलं. ‘सुक्कु पत्तु पोडट्टुमा?’ त्यांनी विचारलं. मला तमिळ येत नव्हतं, पण त्यांच्या हातात सुंठेचं कुडं होतं आणि दुसऱ्या हातात उगाळायचा दगड, त्यामुळे अडलं काहीच नाही. तोच लेप, तीच चरचर. फक्त इथे त्यावर कडक फिल्टर कॉफीचा डबरा मिळाला, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी बहुधा कॉफीनंच हात दिला असावा. कॅफीन डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांत मुद्दाम घालतात. रोज भरपूर प्यायची आणि एक दिवस चुकवायची, तर तीच कॉफी डोकं उठवते, हेही तितकंच खरं.

मामींचं भांडार आजीपेक्षा मोठं निघालं. नीलगिरी तैलम. नोच्चीच्या पाल्याची वाफ. नोच्ची म्हणजे आपली निर्गुडी, आणि तिच्या वाळल्या पानांची उशी. मंगळवार-शुक्रवारी तिळाच्या तेलानं न्हाणं, आणि त्या दिवशी दुपारी झोपायचं नाही हा दंडक. ज्या आजारात झोप हाच मोठा उतार, त्यात हा नियम मला कधी पटला नाही. त्याही पलीकडे गल्लीतल्या प्रत्येकाचं काही ना काही होतंच: कपाळावर लिंबाची साल, जिभेवर मीठ, पाय कढत पाण्यात आणि मानेवर बर्फ. पुण्याच्या भाचीनं तर कानाच्या आतल्या कुर्चेला भोक पाडून घेतलं, तिथली नस दाबली की मायग्रेन जातं म्हणून. भिकबाळी घालणारे आमचे आजोबा असते तर म्हणाले असते, भोक पाडलंच आहे तर मोती तरी घाल. त्या भोकाचा गुण पटण्याजोगा पुरावा अजून पुढे आलेला नाही.

पण विचित्र म्हणून हसून सोडावं असंही नाही. पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा रोमन वैद्य डोकेदुखीवर विजेचा झटका देणारा जिवंत मासा कपाळाला लावायला सांगत असे. आज कपाळावर चिकटवून भुवईवरच्या नसेला सौम्य वीज देणारं यंत्र मिळतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याला २०१४ मध्ये परवानगी दिली. मासा वाया गेला नाही. त्याच सुमारास इराणमधल्या झंजानच्या डॉक्टरांनी शंभर रुग्णांवर सुंठेची पूड आणि सुमाट्रिप्टान हे नेहमीचं औषध ताडून पाहिलं, तेव्हा दोन तासांनी दोन्हींचा गुण जवळपास सारखा आला. आजीला मी हे सांगू शकले नाही. मात्र एकच प्रयोग, तोही लहान, आणि पोटात घेतलेल्या सुंठेचा. कपाळावरच्या लेपाविषयी तो काहीच बोलत नाही. पोटातली सुंठ पटते त्याला कारण आहे. अर्धशिशीत जठराचं काम मंदावतं, मळमळतं, घेतलेली गोळी तिथेच पडून राहते. सुंठ मळमळ कमी करते.

सगळे उपाय करून झाल्यावर मला खटकत राहिलं ते दुसरंच. औषध न घेतलेला अर्धशिशीचा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहतो आणि मग आपला आपण उतरतो. म्हणजे माणूस एकामागून एक उपाय करत जातो, आणि उतरायच्या वेळी जो हातात असेल त्याचं नाव होतं. आजीची जिलेबी नेहमी शेवटी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या पहाटे यायची. म्हणून जिलेबी रामबाण आणि बिचारं तूप निकामी. हे न्यायाचं नव्हे.

तंजावरला गेले तेव्हा या विचाराला आधार मिळाला. सरफोजी राजे दुसरे १७९८ ते १८३२ गादीवर होते. मराठी राजा, मुलूख तमिळ. त्यांनी धन्वंतरी महाल उभारला, तिथे निरनिराळ्या पद्धतींच्या वैद्यांनी औषधं रोग्यांवर वापरून पाहिली, आणि गुण आलेले पाठ तमिळ पद्यात बांधून ठेवले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावानं ते सरस्वती महालानं छापले आहेत. डोळ्यांच्या रोग्यांची तर चित्रांसह टिपणं आहेत. मला त्यातल्या औषधांपेक्षा टिपणांचं अप्रूप वाटलं. आमच्या घरात एवढी सुंठ उगाळली, पण कधी, किती वाजता, त्याआधी काय खाल्लं होतं, हे कुणी लिहिलं नाही.

त्याच सुमारास इथल्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनीही पहिल्या भेटीत गोळ्यांआधी हेच सांगितलं: लिहा. माझ्या स्वैपाकघरात मुंबईहून मागवलेलं कालनिर्णय असतं. डोकं उठलं की त्या चौकोनात वेळ आणि घेतलेला उपाय लिहायचा, असं सुरू केलं. वर्षभरानं पानं उलटली तेव्हा मोगरा आणि ऊन होतंच, पण सर्वांत ठळक खुणा पडल्या होत्या संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, किंवा चंद्रोदयाची वाट बघता बघता त्याच संध्याकाळी. भूक. जेवण चुकणं हे अर्धशिशीचं ओळखीचं कारण आहे, आणि आत्या तर एकादशी नि चतुर्थी दोन्ही करायची. (कालनिर्णयातला चंद्रोदय मुंबईचा, चेन्नईत चंद्र साधारण अर्धा तास आधी उगवतो. तेवढी भूक मामींच्या पंचांगानं वाचवली.) पहाटे, रात्रभराच्या उपाशी पोटी, साखर आणि दूध देणाऱ्या आजीला हे कळलं होतं का? कळलं नसावं. पण जिलेबीला मी आता निव्वळ खूळ म्हणत नाही.

उपास सोडले. सासूबाईंना ते रुचलं नाही, पण माझा मोदक त्यांनीच दुपारी वाढला. झटका येतोसा वाटताच डॉक्टरांची गोळी घेते, उशीर न करता, आणि बरोबर सुंठेचं पाणी. गोळ्याही मोजून, साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात पंधरा दिवस किंवा अधिक घेत राहिलं तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं. अंधार, झोप, मानेवर थंड फडकं हे राहिलं. निर्गुडीची उशी वासासाठी राहिली. मिरचीचा धूर, कानाचं भोक आणि कपाळाला आवळलेलं फडकं यांना माझ्या घरात जागा नाही. लेप मामी आल्या तरच. त्यांचा हात कपाळावर असतो तेवढा वेळ बरं वाटतं, आणि त्याला कुठल्या प्रयोगाची गरज मला वाटत नाही.

एकाएकी, पूर्वी कधी नव्हतं इतकं डोकं दुखलं, बोलणं अडखळलं, हात किंवा पाय लुळा पडला, किंवा तापाबरोबर मान आखडली, तर सहाण बाजूला ठेवून थेट इस्पितळ गाठा. आणि एरवी कुणी हमखास उपाय सांगू लागलं, तर मन मोडू नका, पण एवढं विचारा: तो केला तेव्हा डोकं दुखायला लागून किती तास झाले होते?