नसलेला रकाना
परवा रात्री मी कॉलेजचा तक्ता भरीत बसलो होतो. शोधनिबंध किती, परदेशी विद्यार्थी किती! २००३ साली शांघायच्या एका विद्यापीठाने जगातील विद्यापीठांची क्रमवारी लावली, ती चीनची विद्यापीठे कुठे उभी आहेत हे पाहण्यासाठी. पुढे मापपट्टीच ध्येय होऊन बसली. २०१८ साली आपल्या सरकारनेही पवईच्या आय.आय.टी.ला श्रेष्ठत्वाचा मान देऊन पाच वर्षांत हजार कोटींपर्यंत देऊ केले.

इतक्यात दार वाजले. "सर, ते गणित पुन्हा समजावून सांगाल का?"

"उद्या ये रे," मी म्हणालो. तो मुकाट्याने गेला. तक्त्यात त्याच्यासाठी रकानाच नव्हता! मी जिन्यापर्यंत धावलो. तोवर तो रस्त्याला लागला होता.

दुसऱ्या दिवशी आधी त्याचे गणित सोडवले. तक्ता एक दिवस उशिरा गेला.