तांबं घरातलं, तांबं बागेतलं

आमच्या लहानपणी आटपाडीकडं पाण्याचा खडखडाट असला, तरी ते भरून ठेवायचा हंडा तांब्याचा, चिंचेनं घासून लख्ख केलेला असायचा. रात्री भरलेलं पाणी सकाळी प्यायचं, हा आजीचा नेम. 2012 साली बंगळूरच्या संशोधकांनी पटकीचे आणि जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवून पाहिलं. जंतू सापडेनात, आणि पाण्यात उतरलेलं तांबंही जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत, लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आतच. आजीला हे सांगितलं असतं तर म्हणाली असती, "मग मी काय येडी हुते?"

त्याच हंड्यात ताक ओतायला गेलं की मात्र पाठीत धपाटा. "कळकंल की मुडद्या!" आंबटात तांबं उतरतं आणि पोटात गेलं की मळमळ, उलट्या. म्हणून तर पातेल्यांना कल्हई. उन्हाळ्यात कल्हईवाला देवळापुढं खड्डा खणून भाता लावायचा आणि आम्ही पोरं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायचो. भांडं तापलं की तो नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर भसकन उठून नाकात झोंबायचा. मग कथलाची कांडी टेकवायची, वितळलेले थेंब सैरावैरा पळायला लागले की कापसाच्या बोळ्यानं झरझर सारवायचे. काळंमिट्ट पातेलं आतून चांदीचं व्हायचं. शेवटी पाण्यात बुडवताना चर्र! पुढं स्टील आलं आणि कल्हईवाला यायचा थांबला. कितीतरी घरचे हंडे तर 1972च्या दुष्काळातच मोडीत गेले होते.

गलाईवर, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यावर, परमुलखात गेलेले चुलते सुट्टीला आले की वेगळंच सांगायचे. चांदी विरघळलेल्या तेजाबात तांब्याची पट्टी सोडली की चांदी गाळासारखी खाली बसते, तांबं पाण्यात जातं आणि पाणी निळं होतं. तसंच निळं पाणी पुढं आम्हाला बागेत भेटलं. गलाईच्या पैशावर डाळिंब लागलं, मागोमाग त्यावरचा तेल्या रोग आला आणि घरोघरी मोरचुदाची, म्हणजे तांब्याच्या निळ्या क्षाराची, पोती आली. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 100 लिटर पाणी. फ्रान्समधल्या बोर्डोच्या द्राक्षमळ्यांत 1880च्या दशकात जमलेलं हे मिश्रण. त्यात लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर लालसर तांबं चढलं तर चुना कमी पडला, अजून घाला. नाहीतर पानं करपतात.

तेल्या जिवाणूंमुळं होतो, त्यामुळं हंड्यातली करामत इथंही चालते, जिवाणू फळावर चढायच्या आत फवारलं तर. फरक एवढाच की हंड्यातलं पाणी पिऊन संपायचं. बागेतलं तांबं मातीत साठत जातं, आणि गांडुळांना ते सोसत नाही.

मेंढरांना तर मुळीच नाही. उत्तरेश्वराच्या यात्रेला मेंढरांनी फुलणाऱ्या आटपाडीत हे कळायला हवंच. थोडं तांबं त्यांनाही लागतं. ते कमी पडलं तर लोकरीचा कुरळेपणा जातो, कोकरं मागच्या पायांनी लुळी जन्मतात. पण जादा झालेलं तांबं गायीइतकं मेंढीला बाहेर टाकता येत नाही. ते महिनोन्‌महिने काळजात साठतं, वरून जनावर धडधाकट दिसतं, आणि एखाद्या ताणाच्या दिवसात एकदम रक्तात उतरतं. डोळे पिवळे, लघवी तांबडी-काळी, दोन-चार दिवसांत खेळ खलास. म्हणून फवारलेल्या बागेतलं गवत मेंढरांना नको, आणि गायी-कोंबड्यांचं खाद्यही नको.

पूर्वी रानात मेंढरं बसवायची म्हणजे धनगराशी बोलणं व्हायचं ते किती रात्री आणि किती धान्य, एवढ्यावर. आता आमच्या बांधावर येणारा धनगर आधी विचारतो, "औषध कवा मारलंय?" दोन आठवडे झाले म्हटलं, तरी तो बाग सोडून पलीकडच्या बाजरीच्या रानात उतरतो.